देखणी, हलती-बोलती वेबसाइट आणि घरच्या घरी बदलता येणारा मजकूर: दोन्ही एकत्र जमतं का?

पोफळबाग

गुहागरच्या अलीकडे आमचं घर आहे. मागे पोफळीची बाग, पुढे खळं, आणि माडीवर चार खोल्यांचं न्याहारी-निवास. रोजचं सगळं दीर-जाऊ बघतात. मी पुण्यात असते, त्यामुळे वेबसाइट माझ्या गळ्यात.

आधीची साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनाच्या तयार थीमवर होती. जाऊबाई फोनवरून दर बदलायच्या, फोटो टाकायच्या, काही अडत नव्हतं. पण ती साइट बघून आमचं घर कोकणात आहे की पाचगणीत, हे कुणाला कळलं नसतं. म्हणून एका स्टुडिओकडून नवीन करून घेतली. ती खरोखर सुंदर झालीय. घराचं हाताने काढलेलं चित्र, खाली सरकवत गेलं की खळं, विहीर, बाग, मग पाखाडी उतरून थेट समुद्र. खोलीच्या खिडकीवर बोट ठेवलं की झडप उघडते आणि आतला फोटो दिसतो. पाहुणे येतात तेच "साइट कुणी केली?" विचारत.

आणि त्यातला एक शब्दही आम्हाला बदलता येत नाही. खोलीचा दर चित्रातल्या पाटीवर लिहिलेला आहे, म्हणजे तो चित्राचाच भाग. बदलायचा तर स्टुडिओला मेल करायचा. शिमग्याच्या गर्दीसाठी दर बदलायला सांगितले होते. ते बदलून आले तोवर पालखी घरोघर फिरून देवळात परतली होती.

तर प्रश्न असा: असं चित्रमय, हलतं डिझाइन आणि जाऊबाईंना फोनवरून बदलता येईल असा मजकूर, दोन्ही एका साइटवर कुणी केलंय का? की एक काहीतरी सोडावंच लागतं?

चाकरमानी_दादरचा

रुमाल टाकून ठेवतो.

अवांतर: मे महिन्यात खोली मिळेल का? दर काय?

पोफळबाग

@चाकरमानी, दर साइटवर आहेत. ते चुकीचे आहेत म्हणून तर धागा काढलाय :)

मालवणी_खाजा

ह्या सगळा कित्याक व्हया?

तारकर्लीला आमच्या तीन खोल्या आहेत. वेबसाइट नाही. गुगलच्या नकाशावर नाव, फोटो आणि फोन नंबर. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये खोल्यांचे दर. दर बदलायला एक मिनिट लागतं. पाहुणा आधी नकाशावरचे अभिप्राय वाचतो, मग फोन करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "मासे मिळतील ना?" खिडकीची झडप उघडते की नाही हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

रंगरेषा

खाजासाहेब, तुमचं बरोबर आहे, पण ते तारकर्लीचं. तिथे पाहुणा गाव आधीच ठरवून येतो आणि फक्त खोली शोधतो. ज्या वाडीचं नावच कुणी ऐकलेलं नाही तिथे माणसाला आधी मोहात पाडावं लागतं, आणि ते काम चित्र करतं.

मी डिझायनर आहे, हेच काम करते. पोफळबाग, तुमच्या स्टुडिओने चित्र छान काढलं असेल, पण एक प्रश्न विचारायचा राहून गेला: यातलं काय बदलणार आहे आणि कोण बदलणार आहे? हे चित्र काढायच्या आधी विचारायचं असतं. घर, विहीर, पाखाडी पाच वर्षांत हलणार नाहीत. दर, खोली रिकामी आहे की नाही, आजचा मासा, सणाची सूचना, फोटो हे सतत बदलणार. जे बदलणार त्याला चित्रात रंगवायचंच नाही. चित्रात पाटी रिकामी ठेवायची आणि तिच्यावरचा आकडा बाहेरून आणून ठेवायचा.

तांत्रिक भाषेत सांगायचं तर चित्र एसव्हीजी प्रकारचं, म्हणजे सुट्या आकारांचं बनलेलं, असेल तर त्यातल्या प्रत्येक आकाराला, म्हणजे खिडकीला, पाटीला, दाराला, स्वतःचं नाव देता येतं. तीन नंबरच्या खिडकीला 'खोली-३' नाव दिलं की वर्डप्रेसमधल्या 'खोली-३' या नोंदीशी ती जोडता येते. जाऊबाईंनी तिथे 'भरली' निवडलं की खिडकीची झडप आपोआप बंद दिसेल, 'रिकामी' म्हटलं की उघडी. त्यांनी चित्राला हातही लावलेला नाही, तरी चित्र बदललं.

पोफळबाग

रंगरेषा, हे तर फारच भारी! झडप बंद म्हणजे खोली भरली. असं असू शकतं हेच आम्हाला कुणी सुचवलं नाही.

जुनं_खोड

हा वाद मी दुसऱ्यांदा बघतोय. २००५ च्या आसपास आम्ही सगळे फ्लॅशमध्ये (हलती चित्रं दाखवणारं तेव्हाचं तंत्र) साइट करायचो. पान उघडलं की लाटा यायच्या, होडी डुलायची, शंखाचा आवाज यायचा (आणि ऑफिसात बसलेल्या माणसाची आवाज बंद करायला धावपळ व्हायची). मजकूर त्या फाइलीच्या पोटात कोंडलेला. गुगलला धड वाचता यायचा नाही, ग्राहकाला बदलता यायचा नाही. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जने आयफोनवर फ्लॅश घेणार नाही असं जाहीर पत्रच लिहिलं, आणि ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने त्याचा कारभार आटोपला. त्या सगळ्या होड्या बुडाल्या.

पण आमच्यातले शहाणे तेव्हाही एक युक्ती करायचे. मजकूर वेगळ्या एक्सएमएल फाइलीत ठेवायचा आणि फ्लॅशने तो तिथून वाचायचा. ग्राहक नोटपॅडमध्ये फाइल उघडून दर बदलायचा. फ्लॅश मेलं तेव्हा ज्यांचा मजकूर वेगळा होता त्यांनी तो उचलला आणि नव्या साइटवर ठेवला. बाकीच्यांनी जुन्या छापील माहितीपत्रकावरून पुन्हा टाइप केला. तंत्र दर काही वर्षांनी बदलणार. मजकूर त्याच्या हवाली करू नका, एवढंच म्हणणं.

अर्धविराम

@जुनं_खोड, +१. तुमच्या त्या एक्सएमएल फाइलीचाच थोरला अवतार म्हणजे आजचं 'हेडलेस'. मजकूर एका जागी, म्हणजे स्ट्रापी, सॅनिटी, कंटेंटफुल या मजकूर सांभाळणाऱ्या प्रणालींपैकी काहीतरी. नाहीतर वर्डप्रेससुद्धा चालतं, कारण डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून त्याची रेस्ट एपीआय, म्हणजे बाहेरच्या साइटला मजकूर पुरवायची सोय, मुळातच आत आहे. दर्शनी भाग वेगळा, रिॲक्ट या साधनात किंवा आणखी कशात. डिझायनरला मोकळं रान आणि मजकूर लिहिणाऱ्याला साधा फॉर्म. पोफळबागताई, तुमच्या प्रश्नाचं हेच सरळ उत्तर आहे.

रंगरेषा

चार खोल्यांसाठी हेडलेस? सरळ उत्तर आहे, पण महाग. आता सांभाळायच्या दोन गोष्टी: एक मजकुराचं घर, एक दर्शनी घर. दोन्ही अद्ययावत ठेवायचं काम वेगळं, बिघाड वेगळे. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पूर्वदृश्य. साध्या वर्डप्रेसमध्ये 'कसं दिसेल' हे दाबलं की दिसतं. हेडलेसमध्ये ते दिसायला मुद्दाम काम करावं लागतं, आणि बजेट संपलं की पहिली कात्री त्यालाच लागते.

अर्धविराम

पूर्वदृश्याचा मुद्दा मान्य. आणखी एक मीच सांगतो. पानं आधीच तयार करून ठेवणारी पद्धत असेल तर दर बदलल्यावर साइट नव्याने बांधली जाते, त्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात जाऊबाई पान उघडून बघणार, जुनाच दर दिसणार, पुन्हा जतन करणार, पुन्हा बांधणी सुरू. एका ग्राहकाने असं करून रांगच लावली होती. त्यामुळे जतन केल्यावर 'दोन मिनिटांत दिसेल' एवढी ओळ तरी दाखवावीच.

पण एक लक्षात घ्या. उद्या यांनी आंबा विकायला दुसरी साइट काढली, किंवा वाडीतल्या सगळ्या घरांची मिळून एक काढली, तर तोच मजकूर तिथेही वापरता येईल. तेव्हा हेडलेसचा खर्च वसूल होतो.

देवगडकर_तात्या

आंब्याचं नाव निघालं म्हणून लिहितो.

आमची साइट भाच्याने केली. वरती कलमाचं झाड, हंगामाप्रमाणे त्याचं रूप बदलतं: मोहोर, कणी, कैरी, मग पिवळे आंबे. सगळा मजकूर गुगल शीटमध्ये. एका ओळीत पेटीचा आकार, पुढच्या रकान्यात दर, त्याच्या पुढे 'शिल्लक'. मी शीट बदलली की काही मिनिटांत साइट बदलते. मला वर्डप्रेस वगैरे काही येत नाही, पण शीट येते, कारण हिशेब तिथेच ठेवतो.

पहिल्या पेट्या लागल्या तेव्हा दर भरला आणि साइटवर प्रत्येक पेटीसमोर 'नॅन रुपये'. मुंबईहून एक बाई फोन करून विचारतात, "हा नॅन म्हणजे रायवळ का?" भाच्याने शोधून काढलं. नॅन म्हणजे 'हा आकडाच नाही' असं संगणकाचं म्हणणं. मी दर देवनागरी आकड्यांत लिहिले होते, २५०० असे. साइटच्या त्या जावास्क्रिप्ट भाषेला देवनागरी आकडे आकडे वाटतच नाहीत. पुढच्या रकान्यात मी 'विचारून सांगतो' लिहिलं होतं, त्याचंही नॅनच झालं.

चाकरमानी_दादरचा

'नॅन हापूस' 🤣 या वर्षी तोच मागवणार.

अर्धविराम

तात्या, भाच्याला सांगा, आकडा वाचायच्या आधी ० ते ९ ला इंग्रजी आकड्यांत फिरवणारी एक ओळ घालायची. आपण मराठीत लिहिणार हे गृहीत धरूनच साइट बांधायला हवी, माणसाला सवय बदलायला कशाला लावायची? आणि 'शिल्लक'साठी शीटमध्ये निवडसूची लावा: आहे, थोडा आहे, संपला. मोकळा रकाना ठेवलात तर त्यात काहीही येणार. फक्त त्या शीटमध्ये गिऱ्हाइकांचे फोन नंबर ठेवू नका. प्रकाशित शीट कुणीही वाचू शकतं.

देवगडकर_तात्या

नंबर वहीत असतात. वही कुणाला वाचता येत नाही, मलाही नाही.

तांबडा_रस्सा

देवगडचा चांगला की रत्नागिरीचा? (पळतो)

देवगडकर_तात्या

पळू नका, थांबा. भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांच्या हापूसला. कागदावर सगळे सारखे. जिभेवरचं आम्ही बघून घेऊ.

सडा_आणि_कातळ

धागा आंब्यावर जायच्या आत मूळ विषयाकडे. मी राजापूर तालुक्यात शिक्षक आहे. आम्ही काही जण मुलांसोबत कातळशिल्पांची माहिती जमवतो आणि ती साइटवर ठेवतो. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे ही आमच्या जिल्ह्यातली नावं त्यात आहेत, सिंधुदुर्गातलं कुडोपीही आहे. तेव्हापासून विचारणाऱ्यांची संख्या वाढली.

इथे हलतं-बोलतं डिझाइन शोभेसाठी नाही, त्याच्याशिवाय विषयच कळत नाही. कशेळीची हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि तिच्या पोटात लहान-मोठे किती तरी प्राणी कोरलेले आहेत. जमिनीवर उभं राहिलं तर पायाखाली नुसत्या रेषा दिसतात. वरून काढलेला फोटो साध्या पानावर टाकला तर हत्ती दिसतो आणि पोटातले प्राणी हरवतात. म्हणून आम्ही ओपनसीड्रॅगन वापरलं. त्यात मोठा फोटो तुकड्या-तुकड्यांनी येतो, हवं तिथे जवळ जाता येतं, आणि प्राण्यावर बोट ठेवलं की माहिती उघडते.

आता ती माहिती कोण भरणार? नववीची मुलं. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक बिंदूचे आकडे हाताने लिहायचे होते: डावीकडून किती, वरून किती. मुलं कंटाळली आणि पाकट मासा हत्तीच्या सोंडेवर जाऊन बसला. मग एका माजी विद्यार्थ्याने भरायच्या पानावरच तो फोटो आणला. मुलं फोटोवर बोट ठेवतात, बिंदू पडतो, शेजारी तीन रकाने उघडतात: नाव, वर्णन, कुणी लिहिलं. बिंदूची जागा फोटोच्या टक्केवारीत साठवली जाते, त्यामुळे फोनवर काय किंवा शाळेच्या प्रोजेक्टरवर काय, तो जागच्या जागी राहतो.

माझं मत सांगतो. पैसे थोडे असतील तर निम्मे दर्शनी पानावर घाला आणि निम्मे भरायच्या पानावर. सगळे जण पाहुण्याला दिसणाऱ्या बाजूवर खर्च करतात आणि माहिती भरणाऱ्याला कोरडा फॉर्म देतात. मग माहिती भरली जात नाही, आणि मग साइट जुनी झाली म्हणून नवीन साइट काढतात.

रंगरेषा

सर, शेवटचा परिच्छेद छापून भिंतीवर लावावा असा आहे. एक विचारते: नेमक्या जागा नकाशावर देता का?

सडा_आणि_कातळ

ज्या ठिकाणी कुंपण किंवा राखण आहे तिथल्याच देतो. बाकीच्यांचं फक्त गाव. भरायच्या पानावर 'जागा दाखवावी का' असा एक होय-नाही रकाना आहे आणि तो फक्त मला बदलता येतो. मुलांच्या खात्याला तो दिसतच नाही.

मालवणी_खाजा

सर, हे पटलं. तुमच्या कामाला चित्र लागतंच. आमच्या धंद्याला लागतं की नाही यावर मी अजून ठाम आहे.

वाचनमात्र

बरीच वर्षं फक्त वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. कुणी पेज बिल्डरबद्दल का बोलत नाही? ओढा, सोडा, झालं. माझ्या बायकोने क्लासची साइट तशीच केली. डिझायनर नको, डेव्हलपर नको.

रंगरेषा

स्वागत! एकटीने करायची आणि एकटीने सांभाळायची असेल तर चांगलाच मार्ग आहे. दुसऱ्याने आखलेलं डिझाइन सांभाळायचं असेल तर मात्र त्यात जरुरीपेक्षा जास्त मोकळीक असते. दर बदलायला आत गेलेला माणूस चुकून अख्खा रकाना ओढतो, रंग बदलतो, गणपतीच्या शुभेच्छा लाल मोठ्या अक्षरांत मधोमध टाकतो, आणि दिवाळीपर्यंत बाप्पा तिथेच. लिहिणाऱ्याला काय बदलता येईल याबरोबर काय बदलता येणार नाही हेही ठरवावं लागतं. वर्डप्रेसच्या गुटेनबर्गमध्ये (डिसेंबर २०१८ पासून तोच मूळ संपादक आहे) साच्याला कुलूप घालता येतं: मजकूर आणि फोटो बदला, मांडणी हलणार नाही. शिवाय जाऊबाईंना 'प्रशासक' खातं देऊच नये, 'संपादक' पुरे.

जुनं_खोड

मराठीच्या भानगडी कुणीच काढल्या नाहीत, त्या मी काढतो. डिझायनर लोक नमुन्यात 'होम' आणि 'रूम्स' टाकून चित्र काढतात. नंतर तिथे 'समुद्राकडची वातानुकूलित खोली' येते आणि बटण फुटतं.

दुसरी भानगड अक्षरांमधल्या अंतराची. इंग्रजी मथळ्याला अंतर वाढवलं की ऐटदार दिसतं. देवनागरीत शिरोरेखा तुटते.

तिसरी सगळ्यात गमतीची. एकेक अक्षर उडत येऊन शब्द जुळतो असे मथळे हल्ली फार दिसतात. ते तयार प्रोग्राम शब्दाचे तुकडे संगणकाच्या हिशेबाने पाडतात, मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. 'क्षेत्रपाल' लिहिलं की आधी क येतो, मग एकटा पाय मोडका हलन्त, मग ष, आणि मात्रा बिचारी ठिपक्यांच्या गोलावर बसून वाट बघते. एका देवस्थानच्या साइटवर देवाचंच नाव असं विस्कटत यायचं. विश्वस्तांना वाटलं, काही अपशकुन झाला.

उपाय सोपा: अक्षराऐवजी शब्द उडवा. अगदी अक्षरच हवं असेल तर ब्राउझरमध्ये इंटल सेगमेंटर नावाची सोय आहे, ती जोडाक्षरं बऱ्यापैकी सांभाळते, पण 'क्षे', 'त्र' असे शब्द घालून स्वतः तपासून घ्या.

रंगरेषा

भर घालते. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली तर वरची वेलांटी आणि रफार कापले जातात, खालचे उकार पुढच्या ओळीत घुसतात. आणि जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर साइटवर अगम्य इंग्रजी अक्षरं येतात, कारण ते फॉन्ट युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत) नव्हते. गावच्या जत्रेचं निमंत्रण छापखान्यातून येतं तेव्हा हे हमखास होतं. आधी परिवर्तक वापरून युनिकोड करून घ्या.

पोफळबाग

हे सगळं वाचून माझी वही भरली. जाऊबाईंनाही धागा वाचायला दिला. त्यांचं म्हणणं, "मला पाच गोष्टी बदलता आल्या की बास: दर, खोली भरली की नाही, आजचा मासा, एखादी सूचना आणि फोटो. बाकी चित्राचं काय करायचं ते तुम्ही करा."

फोटोबद्दल त्यांचा प्रश्न आहे. आधीच्या साइटवर वरच्या रुंद पट्टीत त्यांनी सगळ्या घरादाराचा फोटो टाकला की माणसांची डोकी कापली जायची आणि फक्त पाय आणि रांगोळी उरायची. ते का होतं?

अर्धविराम

फोटो उभा, पट्टी आडवी. साइट बरोबर मधला भाग ठेवते आणि वरचा-खालचा कापते. उपाय म्हणजे फोटो टाकतानाच महत्त्वाची जागा दाखवायची. वर्डप्रेसच्या कव्हर ब्लॉकमध्ये तो बिंदू फोटोवर ओढता येतो, सॅनिटीतही तशी सोय आहे. जाऊबाईंनी आजींच्या चेहऱ्यावर बिंदू ठेवला की काहीही कापलं गेलं तरी आजी राहणार.

आकाराची काळजी त्यांनी करायची गरज नाही. वर्डप्रेस ५.३ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आपोआप लहान करतं आणि फोनला लहान प्रत पाठवतं. पण चित्रमय साइट करणारे कधी कधी ही व्यवस्था बाजूला सारून मूळ फोटोच लावतात. ते तपासा. घाटात गाडीत बसून साइट उघडणाऱ्या माणसाला सहा एमबीचा फोटो दिसेपर्यंत चिपळूण येतं. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांत दिसावी ही गुगलची कसोटी आहे, ती साध्या फोनवर, एकच दांडी रेंज असताना लावून बघा.

मालवणी_खाजा

आणि रेंजच नसली तर? आमच्याकडे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर बरेच दिवस वीज नव्हती. तुमची झडप उघडायची-मिटायची कुणी?

रंगरेषा

म्हणूनच चित्राच्या खाली तोच मजकूर साध्या अक्षरांत असायलाच हवा: खोल्यांची यादी, दर, फोन. आधी तो येतो, मग त्याच्यावर चित्र चढतं. हलणारा भाग आलाच नाही तरी फोन नंबर दिसतो. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या माणसाचा फोन तोच मजकूर वाचून दाखवतो, गुगलही तोच वाचतं. ज्यांना हलत्या चित्राने गरगरतं त्यांच्या फोनमध्ये हालचाल कमी करायची सोय असते. ती चालू असेल तर झडप न हलता नुसती उघडी दाखवायची.

आणि खाजासाहेब, तुमच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर. पोफळबाग, पाचाचे सहा रकाने करा. सहावा 'हंगाम', त्यात चारच पर्याय: थंडी, आंबा, पाऊस, गणपती. 'पाऊस' निवडलं की चित्रात आभाळ भरून येतं, विहीर काठोकाठ, समुद्राकडची पाखाडी धूसर, आणि त्याच वेळी 'बोट आणि पाण्यातले खेळ बंद' ही ओळ आपोआप येते, कारण पावसाळ्यात ते बंदच असतात. जाऊबाई एक शब्द निवडतील आणि अख्खी साइट कूस बदलेल. चार चित्रं एकदाच काढायची. मला कुणी असं काम दिलं तर मी दरात सवलत देईन, खरंच.

चाकरमानी_दादरचा

'गणपती' निवडल्यावर खोल्या आपोआप 'भरली' दाखवा. आम्ही सगळे येणारच आहोत आणि पैसे देणार नाही.

मालवणी_खाजा

हंगामाची कल्पना झकास आहे, हे मान्य करतो. वेबसाइट काढणार नाही, पण मान्य.

पोफळबाग

स्टुडिओशी बोलले. त्यांना सहा रकाने आणि 'हंगाम' सांगितलं तर तेही खूश झाले. म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्हाला फक्त सुंदर दिसणारं हवंय. वर्डप्रेसच ठेवणार, हेडलेस नाही (अर्धविराम, रागावू नका). खिडक्या आणि पाट्या रकान्यांना जोडायचं आणि खाली साधा मजकूर द्यायचं ठरलं. पण वाढीव पैसे सांगितलेत, आणि ते थोडे नाहीत. करार करताना काय काय लिहून घ्यावं?

जुनं_खोड

चित्राची मूळ फाइल तुमच्याकडे, थर वेगळे आणि नावं दिलेली. साइटचं नाव आणि होस्टिंग दोन्ही तुमच्या ईमेलवर नोंदलेली, स्टुडिओच्या नाही. मुदत संपायची आठवणही तुमच्याच मेलवर यायला हवी. मजकुराची आणि फोटोंची प्रत दर आठवड्याला आपोआप दुसऱ्या ठिकाणी जायला हवी. वर्डप्रेस आणि प्लगइन अद्ययावत ठेवायचं काम वर्षाला किती रुपयांत करणार, हे आत्ताच लिहून घ्या.

सडा_आणि_कातळ

शेवटचा हप्ता द्यायच्या आधी जाऊबाईंना त्यांच्याच फोनवर, कुणी शेजारी न बसता, सहाही रकाने बदलायला सांगा. अडल्या तर हप्ता थांबवा.

अर्धविराम

रागावलो नाही. वाडीची साइट काढाल तेव्हा भेटू. सरांच्या चाचणीत एक भर: एखादी खोली 'समुद्राकडची वातानुकूलित खोली (वरचा मजला)' अशी लांबलचक नावाची करा, दर देवनागरीत टाका, मासा रिकामा सोडा, आणि मग पान बघा. रिकाम्या माशावर 'आजचा मासा:' एवढंच लोंबकळत राहिलं तर काम अजून झालेलं नाही.

चाकरमानी_दादरचा

रिकाम्या माशावर 'वरण-भात' दाखवा.

देवगडकर_तात्या

सोमवारी आणि संकष्टीला तसंही तेच असतं.